कुलूप शाबूत, चोर घरचा?

"कुलूप तर जसेच्या तसे आहे. मग बाहेरचा कोण येणार?" हे वाक्य गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर मी इतक्या तोंडून ऐकले, की त्यावर एकदा लिहून मोकळे व्हावे असे वाटू लागले. वार्षिकासाठी लेख मागणारे आमचे विद्यार्थी-संपादक 'काहीतरी वैचारिक द्या' म्हणून पाठीस लागलेलेच होते. कुलूप हा विषय वैचारिक आहे की नाही हे त्यांनी ठरवावे. माझ्या दृष्टीने तो आहे. कारण एका कुलपापायी एका बाईची चार घरची कामे गेली, आणि तिच्याविरुद्ध पुरावा म्हणाल तर एवढाच, की ते कुलूप फुटले नव्हते.

प्रसंग साधा आहे. आम्ही चौघी बाहेरगावाहून शिकायला आलेल्या. एका जुन्या वाड्याच्या माडीवर खोली घेऊन राहतो. दाराला पूर्वी कडी-कोयंडा होता. वाड्याच्या मालकीणबाईंनी (आम्ही त्यांना काकू म्हणतो) तेथे लॅच बसवून घेतला. किल्ल्या पाच. चार आमच्याकडे, पाचवी काकूंच्या देवघराबाहेरच्या खिळ्याला. झाडलोट करणाऱ्या मावशी ती किल्ली घेऊन वर येत, खोली झाडीत आणि किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवीत. सुटीहून परतलो तेव्हा दार नीट बंद होते, गाद्यांच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. फक्त माझ्या ट्रंकेतले खानावळीचे आणि परीक्षेच्या फॉर्मचे मिळून ४२०० रुपये व मैत्रिणीचे चांदीचे पैंजण नाहीसे झाले होते. ट्रंकेला कुलूप नव्हते. दाराला आहे की, असे म्हणून मीच ते लावले नव्हते.

काकू वर आल्या, चष्मा लावून त्यांनी लॅच न्याहाळला, बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "ओरखडासुद्धा नाही गं." मग कोणीच काही बोलले नाही. सगळ्यांनी गॅलरीतून खाली चौकात पाहिले. तेथे मावशी भांडी घाशीत होत्या. त्या पाहणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. तक्रार दिली, हवालदारसाहेब आले, त्यांनी पहिला प्रश्न केला, "किल्ली कोणाकोणाकडे असते?" आठवडाभरात मावशींचे आमच्या वाड्यातले काम सुटले, बातमीला पाय फुटले आणि शेजारच्या तीन घरांनीही त्यांना 'सध्या नको' म्हणून सांगितले. काकूंनी लॅच काढून भंगारवाल्याला दिला व नवा बसवला.

मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी. त्याच सत्रात आम्हांला न्यायदर्शनातले अनुमान शिकवीत होते. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर; पण अग्नी आहे म्हणजे धूर असलाच पाहिजे, हे चूक. का? तर तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हे उदाहरण मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन मावशींकडे संशयाने पाहिले होते! फुटलेले कुलूप म्हणजे धूर. तो दिसला तर घरफोडी झाली हे नक्की. पण तो दिसला नाही म्हणून घरफोडी झालीच नाही, असे म्हणायला आधार कोणता? धुरावाचून अग्नी दाखवणारा लोखंडाचा गोळा कुलपांच्या दुनियेत आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. तो आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर रोज एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर बसलेला असतो.

मी किल्ल्या बनवणाऱ्या चाचांविषयी बोलते आहे. पुढे कानस, शेगडी आणि कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा मांडून ते बसतात. त्यांना मी भीतभीतच विचारले, "चाचा, कुलूप न तोडता उघडता येतं का हो?" ते हसले. "बेटा, किल्ली हरवलेली माणसं माझ्याकडे रोज येतात. मी त्यांचं दार तोडून दिलं तर ते मला पैसे देतील का मार देतील?" इतके सोपे उत्तर! ज्या काकू 'न तोडता बाहेरचा येणार कसा' म्हणून विचारीत होत्या, त्यांनीच तीन वर्षांपूर्वी कपाटाची किल्ली हरवली म्हणून याच चाचांना घरी बोलावले होते, हे मागाहून कळले.

चाचांनी मला एक जुना लॅच खोलून दाखवला. त्याच्या पितळी तोंडामागे एक नळकांडे असते आणि त्यात फिरणारा गाभा. वरून एका ओळीत पाच भोके. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन खिट्ट्या आणि त्यांना खाली रेटणारी चिमुकली स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरच्या खिट्ट्या अर्ध्या गाभ्यात, अर्ध्या बाहेर अशा आडव्या येतात व गाभा फिरू देत नाहीत. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक जोडीला बरोबर इतकेच उचलतात, की दोन खिट्ट्यांमधली फट गाभ्याच्या कडेला येते. पाचही फटी एका रेषेत आल्या की गाभा फिरतो. कल्पना फार जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये आणि मेसोपोटेमियात अशाच तत्त्वावरची लाकडी कुलपे होती. अमेरिकेत लायनस येल या बापलेकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती धातूत उतरवली. आज आपण खिशात घालतो ती चपटी किल्ली मुलाच्या १८६० च्या दशकातील एकस्वांतून आली. (जाता जाता: 'कुलूप' हा शब्द आपण अरबीतून घेतला आणि 'चावी' पोर्तुगीजांकडून. भाषेच्या घराला मात्र कोणी कुलूप लावत नाही, हे बरेच आहे.)

आता गंमत पाहा. एकेका खिट्टीच्या दहा वेगवेगळ्या उंच्या धरल्या तर पाच खिट्ट्यांच्या १,००,००० निरनिराळ्या किल्ल्या होतात. दुकानदार हा आकडा ऐटीत सांगतो. पण कसबी माणसाला लाख किल्ल्या लागत नाहीत. कारण ती पाच भोके केसाचाही फरक न ठेवता एका रेषेत पाडणे कोणत्याच कारखान्याला जमत नाही. गाभ्याला हलकासा पीळ दिला, की पाचांतली एकच खिट्टी आधी आवळते. ती योग्य उंचीवर गेली की गाभा किंचित सरकतो आणि मग दुसरी आवळते. कुलूप स्वतःच सांगत जाते, हे बरोबर आले, आता पुढचे पाहा. परीक्षेत प्रत्येक उत्तरानंतर पर्यवेक्षकांनी मान डोलावून 'बरोबर' किंवा 'चूक' सांगितले तर आपल्यापैकी कोण नापास होईल? लाखाचा गुणाकार जातो आणि पाच वेळा दहाची बेरीज उरते, म्हणजे फार तर पन्नास.

यापेक्षाही उतावळा मार्ग म्हणजे ठोक्याचा. त्याला इंग्रजीत बम्पिंग म्हणतात. कॅरम खेळणाऱ्यांना तो लगेच समजेल. दोन सोंगट्या एकमेकींना चिकटून असल्या आणि स्ट्रायकर पहिलीवर बसला, तर पहिली जागच्या जागी राहते व दुसरी उडते. खिट्ट्यांच्या जोडीचेही तसेच. विशिष्ट तऱ्हेने कापलेल्या किल्लीला बाहेरून ठोका बसला की खालची खिट्टी तेथेच राहते, वरची क्षणभर उडते, आणि त्या क्षणी पाचही जोड्यांमधली फट मोकळी असते. त्या क्षणार्धात गाभा फिरला की दार उघडले. चावीवाल्यांना ही युक्ती कितीतरी वर्षे ठाऊक होती. चारचौघांत ती बोभाटा होऊन आली २००५ च्या सुमारास, हॉलंडमधील 'टूल' नावाच्या कुलूपछंदी मंडळींमुळे. त्यांनी तिच्यावर एक निबंधच प्रसिद्ध केला आणि लोकांना दाखवून दिले, की घरोघरची पुष्कळशी कुलपे अशी उघडतात. त्यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. काही महागडी, सफाईदार बनावटीची कुलपे स्वस्तातल्या ओबडधोबड कुलपांपेक्षा ठोक्याला लवकर बळी पडतात! कारण त्यांच्या खिट्ट्या न अडखळता उडतात. गुळगुळीत चालणारी किल्ली म्हणजे उत्तम कुलूप, ही आपली गिऱ्हाइकी समजूत किती फसवी, ते यावरून दिसते.

मग कुलपाने टिकाव धरावा कसा? उपाय आहेत आणि तेही बुद्धीचेच खेळ आहेत. काही कुलपांत वरच्या खिट्ट्या दोऱ्याच्या रिळासारख्या कमरेत बारीक केलेल्या असतात. पीळ देऊन उचलू जाल तर त्या मध्येच अडकतात आणि काम फत्ते झाल्याचा भास निर्माण करतात. म्हणजे पर्यवेक्षक आता खोटी मान डोलावू लागला. कोरणीला हा उपाय चांगला, ठोक्याला तितकासा नाही. ठोक्यासाठी काही कारखानदार एखाद्या खिट्टीची जागा मुद्दाम उथळ ठेवतात म्हणजे ती इतरांबरोबर उडत नाही. काही कुलपांत खिट्ट्या नुसत्या उचलून भागत नाही, त्या ठरावीक कोनात वळाव्याही लागतात, तेव्हा कुठे बाजूची एक पट्टी आत सरकते. अमेरिकेतील मेडेको कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार आणला. (त्याच्यावरही मात करण्याचे मार्ग सांगणारे पुस्तक २००८ साली तिथेच निघाले. असो.) आणि फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन याने १९०७ साली काढलेल्या अ‍ॅब्लॉय कुलपात तर उडायला खिट्टीच नाही, स्प्रिंगही नाही, नुसत्या फिरणाऱ्या चकत्या. ठोका मारून मारणार कोणाला?

आपल्याकडची लिव्हरची कुलपेही या बाबतीत दुबळी नाहीत. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागेत कुलपांचा कारखाना घातला तेव्हापासून 'कुलूप घ्यायचे तर लिव्हर किती ते विचारून घ्या' हे शहाणपण मराठी घरांत मुरले आहे. अलीगढची कुलपे घ्या, तमिळनाडूतील दिंडिगलची हातघडणीची कुलपे घ्या (यांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले), त्यांत मुख्य कारभार लिव्हरांचा. लिव्हरला खिट्ट्यांच्या जोड्या नसतात, म्हणून हा कॅरमचा ठोका तेथे चालत नाही. लिव्हरचे कुलूप उघडायला दुसरे कसब लागते. गंमत अशी, की काकूंनी कडी-कोयंड्याचे जुने सहा लिव्हरचे कुलूप काढून 'आधुनिक' म्हणून लॅच लावला. अर्थात कोयंडाच पहारीने उपटणाऱ्याला लिव्हर मोजण्याची गरज नसते. आपल्याकडचे बहुतेक चोर कोरणी-ठोक्याच्या भानगडीत न पडता दारच फोडतात, हे मला मान्य आहे. मी असे मुळीच म्हणत नाही, की आमच्या खोलीत कोणी कलावंत चोर शिरला होता. मी एवढेच म्हणते, की शिरलाच नव्हता असे त्या शाबूत लॅचकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही.

या ठिकाणी काही वाचक, विशेषतः आमचे काही गुरुजन, भुवया उंचावतील. महाविद्यालयाच्या वार्षिकात असले लिहावे काय? चोरांना शिकवण दिल्यासारखे नाही का होणार? हा आक्षेप नवा नाही. तो पावणेदोनशे वर्षांचा आहे, आणि त्याची हकीकत सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने १७८४ साली एका कुलपाचे एकस्व घेतले. पुढे पिकॅडिलीतल्या त्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले गेले आणि शेजारी पाटी: हे उघडणाऱ्याला २०० गिनी रोख. अर्धशतकाहून अधिक काळ ते तसेच राहिले. दुसरे नामांकित कुलूप चब यांचे, १८१८ सालचे. त्यात अशी योजना, की कोणी लिव्हर वाजवीपेक्षा जास्त उचलला तर कुलूप अडकून बसावे आणि मालकाला कळावे, आपल्या माघारी कोणीतरी छेडछाड केली आहे. इंग्रज माणूस या दोन कुलपांच्या भरवशावर निर्धास्त झोपत असे. १८५१ साली हाइड पार्कमधल्या काचमहालात मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ आला. त्याने साक्षीदारांदेखत चब यांचे कुलूप २५ मिनिटांत उघडले आणि ७ मिनिटांत पुन्हा लावून दाखवले! छेडछाड कळावी म्हणून केलेली योजनाच त्याच्या उपयोगी पडली. कोणता लिव्हर जास्त उचलला गेला हे तीच त्याला सांगू लागली. मग तो ब्रामांच्या कुलपाकडे वळला. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण तेही उघडले. वर्तमानपत्रांत रणे माजली. पुढे हॉब्जच्या कंपनीच्या कुलपाचा गर्वही त्या धाकट्या येलने उतरवला, म्हणजे न्याय झाला म्हणायचा.

त्या वेळीही सभ्य लोक म्हणालेच, की असल्या गोष्टी उघड्यावर आणू नयेत. हॉब्जच्या माहितीवर आधारलेले कुलपांविषयीचे एक पुस्तक १८५३ साली निघाले, त्यात या आक्षेपाला उत्तर आहे. त्याचा आशय असा, की चोर आपल्या धंद्यात वाकबगार असतात. आपण त्यांना शिकवण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. माहिती लपवली तर अडाणी राहतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक. तीस वर्षांनी, १८८३ साली, पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ऑगस्त केर्कहॉफ्स या प्राध्यापकाने सैन्याच्या गुप्तलेखनाविषयी हेच तत्त्व मांडले: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. भाषेच्या प्राध्यापकाने हे सांगितले याचा मला, कलाशाखेची म्हणून, थोडा अभिमान वाटतो.

माझा मुद्दा त्याहून थोडा निराळा आहे. ही माहिती लपवल्याने नुसता गिऱ्हाईकच नागवला जात नाही, तिसऱ्याच कोणाचा तरी बळी जातो. घरात पाचवी किल्ली कोणाकडे असते? मालकाकडे, मालकिणीकडे, आणि मग मोलकरणीकडे, रखवालदाराकडे, खोलीतल्या गरीब जोडीदाराकडे. कुलूप शाबूत राहिले की संशयाची बोटे याच क्रमाच्या उलट्या टोकाकडून सुरू होतात. माझ्या मैत्रिणीवर किंवा काकूंच्या भाच्यावर (त्यालाही खिळा ठाऊक होता) कोणीच संशय घेतला नाही. 'कुंपणच शेत खाते' ही म्हण त्या दिवसांत मी वाड्यात दहा वेळा ऐकली. पण कुंपण म्हणून प्रत्येकाने एकीकडेच बोट दाखवले.

विम्याचे पाहा. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने प्रवेश झाल्याची अट घातलेली असते. तशी अट असेल तर नुसती चोरी पुरेशी नाही, बळाचा वापर दिसला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेही २००४ साली दिला. कराराचा अर्थ म्हणून तो बरोबर असेलही, मी वकील नाही. पण अट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चोर म्हणजे पहारवाला एवढेच चित्र असावे. ज्याचे दार कोणीतरी अलगद उघडले, तो चोरी होऊनही हात चोळीत बसतो, आणि वर घरच्याच माणसावर शंका घेण्याची पाळी येते.

खरे पाहता, अलगद उघडलेले कुलूपही अगदीच मुके नसते. खिट्ट्यांवर कोरणीचे बारीक ओरखडे राहतात, ठोक्याचे वळ राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण गाभा खोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जाणकाराला पुष्कळ कळते. म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. चोरी झाली तर कुलूप काढून फेकू नका. पंचनाम्यात ते जप्त करायला सांगा, तपासायला सांगा. दुकानदाराला लिव्हर किती हे जसे विचारता, तसे हे ठोक्याने उघडते का हेही विचारा. आज त्याला उत्तर येणार नाही, पण पन्नास जणांनी विचारले की तो कंपनीला विचारील. आणि तपास होईपर्यंत 'ओरखडासुद्धा नाही गं' हे वाक्य कोणाच्या तोंडून निघाले, तर निदान आपल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी त्यावर मान डोलावू नये. आमचा लॅच भंगारात गेला. त्यात काय लिहिलेले होते ते आता कोणालाच वाचता येणार नाही. मावशींच्या बाजूचे किंवा विरुद्धचे, काहीही.

आपल्याच नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. २०११ साली तेथे उघडलेल्या बँकेच्या शाखेनेही दाराला नेहमीचे कुलूप लावले नव्हते. आम्हां शहरातल्यांना ते जमणारे नाही. आम्हांला कुलूप हवेच. मला राग कुलपाचा नाही, त्याच्यावर टाकलेल्या भरवशाचा आहे.

गेल्या महिन्यात मी मावशींच्या घरी गेले होते. आता त्या एका मंगल कार्यालयात भांड्यांच्या कामाला जातात. पैसे लग्नसराईपुरतेच मिळतात. मी चाचांकडून ऐकलेले, पुस्तकात वाचलेले सगळे त्यांना सांगितले. खिट्ट्या, ठोका, सगळे. त्यांनी चहा टाकला, ऐकून घेतले, मग विचारले, "हे काकूंना सांगितलं का?" मी म्हटले, सांगितले. "काय म्हणाल्या?" काकू म्हणाल्या होत्या, की बघू, दिवाळीनंतर कामाला बोलावू. मी तसे सांगितले. मावशी म्हणाल्या, "बोलावलं तर येईन, ताई. पण किल्ली घेणार नाही. तुम्ही कोणीतरी घरी असाल तेव्हाच झाडीन."